भंगारवाला जे घेत नाही, ते आपल्या वावरात येतं



उकिरडे उपसायचे दिवस आलेत. गावात जेसीबी फिरतोय, दिवसभर ट्रॉल्यांची ये-जा चालू आहे. पारावर बसलं की खताच्याच गप्पा. ट्रॉली कितीला पडली, खत नीट कुजलंय का, हुमणीच्या अळ्या दिसतायत का, लेंडीखत बरं की शेणखत. या सगळ्या गप्पांत एक गोष्ट कुणी काढत नाही. ती म्हणजे त्या खतातलं प्लॅस्टिक.

एक काम करा. वावरात ट्रॉली रिकामी झाली की ढीग पांगवायच्या आधी एक घमेलंभर खत जुन्या बारदानावर पसरा आणि हाताने चाळा. काय निघतं ते बघा. शाम्पूच्या पुड्या. वेफर्स-कुरकुऱ्यांची पाकिटं. गुटख्याच्या पुड्या. चहाचे चेपलेले कप. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. खताच्या गोणीचे पांढरे धागे. अलीकडे तर डायपरही निघायला लागलेत. यातलं एकही गाईने टाकलेलं नाही. सगळं आपल्या घरातून, आपण दुकानातून आणलेलं.

प्लॅस्टिक कमी वापरा असं आपण टीव्हीवर, शाळेच्या भिंतीवर, पंचायतीच्या बोर्डावर वाचतो. पण ते बोलणं बहुतेक शहराकडे बघून असतं. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, सकाळी घंटागाडी येणार. आपल्याकडे किती गावांत रोज घंटागाडी येते? आली तरी वस्तीवर, मळ्यात येते का? शहरातल्या माणसाने पिशवी डब्यात टाकली की ती त्याच्या डोळ्यांआड जाते. ती पुढे कुठल्या तरी डेपोवर जाऊन दुसऱ्याच गावाला त्रास देते, तो भाग वेगळा. आपल्याकडे मात्र घरामागे उकिरडा आणि उकिरड्यामागे वावर. आपण टाकलेलं वर्षाच्या आत आपल्याच जमिनीत परत येतं, तेही ट्रॉलीचं भाडं भरून. म्हणून मी याला स्वच्छतेचा विषय म्हणत नाही. हा शेतीचाच विषय आहे, बियाणं आणि पाणी जसा आहे तसा.

वावरात गेल्यावर त्याचं काय होतं ते तुम्ही बघताच. पहिल्या वर्षी अख्खी पिशवी दिसते, ती उचलता येते. मग रोटाव्हेटर फिरतो. पूर्वी नांगर आणि कुळव होता तेव्हा पिशवी कुळवाला गुंडाळायची, गडी शिव्या देत सोडवायचा आणि बांधावर फेकायचा. आता रोटाव्हेटरची पाती तिचे बारीक तुकडे करून सगळीकडे पसरवतात. वर ऊन लागलं की ते आणखी ठिसूळ होतात. दोन-तीन हंगामांत ते डोळ्याला दिसत नाहीत आणि आपण म्हणतो, जिरलं. शेण जिरतं, पालापाचोळा जिरतो. प्लॅस्टिक जिरत नाही, फक्त बारीक होतं. आज जे वेचता येतं ते पुढच्या वर्षी वेचता येणार नाही, एवढाच फरक.

आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. प्लॅस्टिकला रकाना नाही. इथे कृषी क्षेत्रातली जाणकार मंडळी वाचतात, त्यांना माझी विनंती आहे. मातीचा नमुना घेताना खड्ड्यात प्लॅस्टिक सापडलं तर निदान वहीत शेरा मारा. आपण नमुना घेताना काडी-कचरा, खडे बाजूला काढून टाकतो, त्याच्याबरोबर हेही टाकलं जातं आणि नोंद कुठेच राहत नाही.

आता एक जण नक्की विचारणार, "मल्चिंग अंथरणाऱ्याने पिशवीवर बोलावं का?" प्रश्न रास्त आहे. हिशोबच मांडू. पाच फुटांवर बेड धरले तर एकरात साधारण २६०० मीटर बेड होतात, म्हणजे ४०० मीटरचे साडेसहा रोल. चार फुटी, २५ मायक्रॉनचा पेपर धरला तर वजन ७० किलोच्या आसपास जातं. दुकानातली पातळ पिशवी चार-पाच ग्रॅमची. म्हणजे एका एकराच्या टोमॅटोला चौदा-पंधरा हजार पिशव्यांएवढं प्लॅस्टिक लागतं. आकडा मोठा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पीक निघाल्यावर मल्चिंग पूर्ण काढलं पाहिजे, पेपर फार पातळ घेऊ नये, कारण तो काढताना फाटतो आणि निम्मा जमिनीतच राहतो. पण मल्चिंग आपण मोजून विकत आणतो, त्यातून तण थांबतं, पाणी वाचतं, आणि ते कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. घरातलं प्लॅस्टिक न मोजता येतं, दहा मिनिटं वापरलं जातं आणि न मोजता खतात जातं. शिवाय जगाचा हिशोब बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा २०२१ चा अहवाल आहे. त्यानुसार २०१९ साली शेती आणि पशुपालनात सव्वा कोटी टन प्लॅस्टिक वापरलं गेलं, आणि अन्नाच्या पॅकिंगला ३ कोटी ७३ लाख टन. वावरापेक्षा पुड्या-पाकिटांचं प्लॅस्टिक तिप्पट. दोन्ही कमी करू, पण एकाच्या नावाने दुसऱ्याला सुट्टी नको.

मग कमी करायचं कसं? मला सगळ्यात सोपं माप सापडलं ते भंगारवाल्याचं. तराजू घेऊन वस्तीवर येतो तो. त्याच्याइतकं प्लॅस्टिकचं ज्ञान आपल्यातल्या कुणाला नाही. तो जुनी ठिबकची नळी घेतो, पाइपचे तुकडे घेतो, फुटकी खुर्ची, तुटकी बादली, तेलाचे कॅन, पाण्याच्या बाटल्या घेतो. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून साठवल्या तर त्याही घेतो. शाम्पूची पुडी दाखवली तर हसतो. वेफर्सचं पाकीट घेत नाही, बिस्किटाचं घेत नाही, चहाचा कप घेत नाही, थर्माकोलला हात लावत नाही. पातळ पिशवीही घेत नाही, कारण किलोभर व्हायला दोन-अडीचशे पिशव्या लागतात आणि त्या चिखलाने बरबटलेल्या असतात.

चकचकीत पाकीट तो का घेत नाही, तर ते एका वस्तूचं नसतं. प्लॅस्टिकचा एक थर, बहुतेक वेळा मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, पुन्हा प्लॅस्टिक, वर शाई. हे थर एकमेकांपासून सोडवायला जेवढा खर्च येईल तेवढी त्याची किंमत नाही. त्याला ते परवडत नाही, म्हणून ते आपल्याकडे राहतं. आणि आपल्याकडे राहिलेल्या वस्तूला तीनच वाटा आहेत: चूल, गाईचं पोट किंवा उकिरडा.

चुलीबद्दल थोडं बोलतो. सकाळी बंब पेटवताना दुधाची पिशवी किंवा वेफर्सचं पाकीट काडीला लावायची सवय बऱ्याच घरांत आहे. पटकन पेटतं हे खरं. पण तो धूर बंबापाशी बसलेल्या बाईच्या आणि आंघोळीला थांबलेल्या लेकराच्याच छातीत जातो. त्यात पीव्हीसीचा तुकडा असला, म्हणजे पाइप, वायरचं आवरण, रेक्झिन, तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. उरलेली राख आपण भांड्याला नाहीतर वांग्याच्या रोपांना टाकतो.

गाईचं तर विचारू नका. उरलेली भाकरी, भाजीची देठं पिशवीत घालून वर गाठ मारायची आणि भिरकावायची. गाईला गाठ सोडवता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. कोठीपोटात पिशवी कुजत नाही, पुढे सरकत नाही, एकात एक अडकत गोळा होत जातो. जनावर चारा कमी खातं, वारंवार फुगतं, दूध घटतं, आणि आपण आधी खुराक बदलून बघतो. डॉक्टरांनी पोट उघडून गोळा काढलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही. काहीही टाका, पण गाठ मारलेली पिशवी टाकू नका.

तर माप असं: भंगारवाला जे घेणार नाही, ते शक्यतो दुकानातूनच आणायचं नाही. आणायला लागलंच तर मोठं पाकीट आणायचं. एक रुपयाच्या शाम्पूच्या पुड्या महिन्याला किती लागतात ते घरात मोजा. त्याऐवजी एक बाटली आणली की ती शेवटी तराजूवर जाते. खर्च वाढतो का? बहुतेक वेळा नाही, पण पैसे एकदम द्यावे लागतात आणि खरी अडचण तिथे आहे. रोजावर जाणाऱ्या घराला पुडीच परवडते, त्यांना मी काय शहाणपणा शिकवू? पण आपल्यातली दूध-भाजीचा पैसा आठवड्याला हातात येणारी घरंही पुड्याच आणतात, निव्वळ सवयीने.

तेलाचंही तसंच. १५ किलोचा पत्र्याचा डबा आणला तर लिटरवाल्या सोळा पिशव्या वाचतात. एका घराला डबा जास्त होतो, जुना होऊन तेलाला वास लागतो, तर दोन भावांत किंवा शेजारी मिळून घ्या. गावात लाकडी घाणा असेल आणि आपलीच करडई, शेंगदाणे गाळून घेणार असाल तर स्टीलची किटली घेऊन जा. दुकानातून सुटं तेल मात्र घेऊ नका. खाद्यतेल सुटं विकायला कायद्याने मनाई आहे आणि त्यामागे भेसळीचं कारण आहे. जुनं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात गरम भजी बांधणंही बंदच झालं पाहिजे, शाई पोटात जाते.

बाजाराची पिशवी. यावर एवढं बोलून झालंय की आता लोक ऐकत नाहीत. तरी एक निरीक्षण सांगतो. आपल्याकडे बायका बाजाराला निघाल्या की काखेत पिशवी असते, आजही. पिशवीशिवाय जातो तो पुरुष. गाडी काढली, जाता जाता दोन किलो टोमॅटो, पाव किलो फरसाण, एक कोंबडी, तिन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत, तिन्ही हँडलला लटकलेल्या. म्हणून पिशवी खुंटीला नको, गाडीच्या डिक्कीत ठेवा, दोन कापडी आणि एक झाकणाचा स्टीलचा डबा. मटण-चिकन त्या डब्यात. सुरुवातीला दुकानदार बघतो, तिसऱ्या वेळी तोच हात पुढे करून डबा मागतो. काळी पिशवी कशापासून बनवली हे त्यालाही माहीत नसतं.

पण पिशवी नवी विकत घेऊ नका. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशोब काढला होता. सुती पिशवी बनवायला इतकं काही लागतं, की ती साधारण १३१ वेळा वापरली तर कुठे एकदा वापरून फेकलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते, तेही फक्त हवामानावरच्या परिणामापुरतं. कापूस पिकवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, एका बोंडामागे किती पाणी आणि किती फवारण्या जातात ते आपणच जाणतो. घरात जुनी नऊवारी असते, पोरांच्या जुन्या पँटी असतात. पँटच्या एका पायाची पिशवी शिवली तर दहा किलो कांदा सहज तोलते. आणि दुकानात मिळते ती कापडासारखी दिसणारी, लग्नात-निवडणुकीत फुकट वाटतात ती पिशवी कापडाची नाहीच. ती पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे आपल्या खताच्या गोणीचीच बहीण. उन्हात राहिली की भुगा होतो.

'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्यांबद्दलही विचारतात. ते प्रमाणपत्र कारखान्यातल्या कंपोस्टसाठी असतं. तिथे तापमान ५८ अंशांच्या आसपास टिकवून धरतात, ओल आणि हवा सांभाळतात. आपला उकिरडा म्हणजे वरून वाळलेला, आतून चिंब असा ढीग. त्यात ती पिशवी वेळेत कुजेल या भरवशावर राहू नका.

कायदा आहेच. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढली, त्याच वर्षी जूनपासून कारवाई सुरू झाली, पहिला दंड ५००० रुपये. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तू बंद केल्या. पिशवीची जाडी आधी ७५, मग डिसेंबर २०२२ च्या अखेरीपासून १२० मायक्रॉन केली. जाडी वाढवण्यात शहाणपण होतं. जाड पिशवी फुकट द्यायला परवडत नाही आणि भंगारवाला ती उचलतो. पण आठवडी बाजारात जाऊन बघा, पातळ पिशवी जिथल्या तिथे आहे. दंड होतो तो टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीला. पिशवी बनवणारा तिच्या ओळखीचाही नसतो. आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी बांधावर सगळ्यात जास्त सापडणारी पुडी कुठली हे मी सांगायला नको.

आपण विकणारेही आहोत, हे विसरून चालणार नाही. मेथीची जुडी केळीच्या सोपाने नाहीतर सुतळीने बांधलेली असते, तिला आणखी पिशवी कशाला? गिऱ्हाईक मागतं म्हणून आपण देतो, नाही दिली तर शेजारच्याकडे जाईल ही भीती. भीती खोटी नाही. एकट्याने पिशवी बंद केली तर गिऱ्हाईक तुटतं. पण एका ओळीतल्या दहा जणांनी ठरवलं तर गिऱ्हाईक जाणार कुठे? पिशवीचे पैसे वेगळे लावले तरी निम्मे लोक पुढच्या आठवड्यात घरून पिशवी आणतात.

शेतातला चहा हा आणखी एक विषय. मजूर कामाला असले की हॉटेलातून उकळता चहा पातळ पिशवीत बांधून येतो, वर रबर, सोबत कपांची चळत. चहा पिऊन झाला की कप सरीत. दहा माणसं, दोन वेळा, रोज वीस कप, कांदा काढणीला आठ-दहा दिवस. कागदी कप असला तरी आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतोच, नाहीतर चहा गळला असता. किटली आणि स्टीलचे पेले शेडमध्ये ठेवा. पेले धुवायला बोअरचं पाणी तिथेच आहे.

लग्नसराई चालू आहे म्हणून हेही लिहून टाकतो. हल्ली मोकळ्या वावरात मांडव पडतो. हजार-दोन हजार पानं. पाण्याच्या छोट्या बाटल्या, दोन घोट प्यायच्या आणि टाकायच्या. चकाकणारी ताटं, द्रोण, चमचे. रात्री वारा सुटला की हे सगळं शेजाऱ्याच्या उसात. ज्याचं लग्न तो हळदीच्या अंगाने देवदर्शनाला निघून जातो आणि शेजारी महिनाभर वेचत बसतो. काही गावांत गावकीची भांडी अजून आहेत, काही ठिकाणी महिला बचत गट ताट-वाट्या भाड्याने देतात. घासायच्या मजुरीसकट हिशोब काढून बघा, मांडवाच्या एकूण खर्चात ते कुठेच दिसत नाही. जार आणि स्टीलचे पेले ठेवले म्हणून कुणाची सोयरीक मोडल्याचं ऐकिवात नाही.

१ मेला ग्रामसभा आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्राची तरतूद आहे. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे, चालू आहे का, आणि भंगारवाला घेत नाही तो माल गावाने गोळा करून ठेवला तर ते उचलणार का, हे तीन प्रश्न मी लेखी देणार आहे. गावात एक जाळीचा पिंजरा उभा राहिला तरी पाकिटं उकिरड्यात जायची थांबतील. तुमच्या तालुक्यात असं केंद्र खरंच चालू असेल तर नाव-गाव कळवा, जाऊन बघू.

आणि खत पांगवायच्या आधी वेचून घ्या. पोरांना सुट्टी आहे, सकाळी उन्हं व्हायच्या आत दोन तासांत एका ट्रॉलीचा ढीग वेचून होतो. एक गोणी बांधावर ठेवा आणि पुड्या, पाकिटं, धागे, डायपर सगळं त्यात टाका. वळवाचा पाऊस पडला की ते मातीआड जातं आणि मग रोटाव्हेटरच त्याला शोधून काढतो.